दहावी-बारावी झाली, पुढं काय? कम्युनिटी कॉलेज, आयटीआय, पॉलिटेक्निक आणि पदवीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सीनियर कॉलेजात शिकवते. आमच्याच आवारात कम्युनिटी कॉलेज चालतं, म्हणून निकाल लागला की दीड-दोन महिने माझी खुर्ची वर्गातून उठून प्रवेशाच्या खिडकीमागं जाते. खिडकीशी येणारे प्रश्न दरवर्षी तेच असतात, विचारणारी लेकरं तेवढी बदलतात. जास्त वेळा आलेले प्रश्न इथं घेतलेत. क्रम माझ्या सोयीचा आहे. कुठल्याही कोर्सबद्दल सांगताना मी आधी एकच बघते: तो संपल्यावर पुढं दार आहे की भिंत.

मॅडम, कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय? त्याची बिल्डिंग कुठंय?

बिल्डिंग हीच. वेगळं कॉलेज शोधत फिरू नका. चालू असलेल्या कॉलेजातच दोन-तीन वर्ग, एखादी लॅब आणि एक पाटी, एवढंच बहुतेक ठिकाणी असतं. कागदोपत्री त्याला समुदाय महाविद्यालय म्हणतात, बोलताना कुणी म्हणत नाही.

आपल्याकडं याची सुरुवात दक्षिणेत झाली, पाँडिचेरीत १९९५ ला आणि चेन्नईत १९९६ ला. मग यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१३-१४ च्या सुमारास देशभरातल्या कॉलेजांसाठी योजना काढली. सहा महिन्यांचं प्रमाणपत्र, वर्षाची पदविका, दोन वर्षांची प्रगत पदविका, अशा पायऱ्या त्यात आहेत. आसपासच्या कारखान्यांना, दवाखान्यांना, दुकानांना जे हात लागतात ते तयार करायचे आणि शिकवायला त्या धंद्यातली माणसंही बोलवायची, हा त्यामागचा विचार. त्यामुळं एका गावचे कोर्स दुसऱ्या गावी सापडतीलच असं नाही. गेल्या वर्षी चाललेला कोर्स यंदा चालू आहे का, हेही विचारून घ्या. पोरं कमी आली की कोर्स गुपचूप बंद पडतात आणि माहितीपत्रकातून त्यांचं नाव मात्र निघत नाही. आमच्याकडंही असं झालेलं आहे.

बी.व्होक. आणि साध्या बी.ए.-बी.कॉम.मध्ये फरक काय?

बी.व्होक. (बॅचलर ऑफ व्होकेशन) तीन वर्षांची पदवीच आहे, यूजीसीनं २०१४ ला सुरू केलेली. ढोबळ हिशेब असा की साठ टक्के कामाचं कौशल्य आणि चाळीस टक्के भाषा, संगणक, हिशेब वगैरे सामान्य शिक्षण. पहिल्या वर्षानंतर थांबलात तर पदविका, दुसऱ्यानंतर प्रगत पदविका, तिसरं झालं की पदवी. म्हणजे कम्युनिटी कॉलेजातली वर्षाची पदविका करून कुणी पुढं बी.व्होक.ला येऊ शकतं, पण विषय जुळायला हवा. छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातही असे कौशल्याचे कोर्स चालवणारं दीनदयाळ उपाध्याय कौशल्य केंद्र आहे.

बी.व्होक.वर एमपीएससी देता येते का? तलाठी?

जाहिरातीत "कोणत्याही शाखेची पदवी" असं लिहिलं असेल तर देता येते. राज्यसेवा आणि तलाठी दोन्हीकडं तशीच अट आहे. जिथं ठरावीक शाखेची पदवी मागतात तिथं नाही चालणार. एम.ए., एम.कॉम.ला जायचं असेल तर त्या विद्यापीठाचा पात्रतेचा नियम आधी वाचा, तिसऱ्या वर्षाला बसल्यावर वाचू नका.

दहावीला दोन विषय गेलेत. आता वर्ष गेलंच ना?

नाही गेलं. एक किंवा दोन विषय गेले असतील तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला बसता येतं, आणि जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. निकाल लागला त्या आठवड्यात घरात जो गोंधळ होतो, त्यात पुरवणीचा फॉर्म भरायचा राहून जातो. आधी तो भरा, मग रडा.

जास्त विषय गेले असतील, आणि परत तीच पुस्तकं हातात धरवत नसतील, तर आयटीआयचे काही ट्रेड आठवी पासवर मिळतात. वायरमन, वेल्डर, सुतारकाम, शिवणकाम त्यातलेच. शाळा मधेच सुटलेल्यांसाठी बाहेरून परीक्षेला बसायचा बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म आहे, आणि राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही आहे. एक वडील मला म्हणाले, "पोरगं अभ्यासात ढ आहे, त्याला आयटीआयला टाकतो." मी त्यांना वर्कशॉप बघून या म्हणाले. फिटरच्या पोराच्या हाती पहिले कित्येक दिवस कानस असते आणि व्हाइसमध्ये लोखंडाचा ठोकळा. घासायचं, गुण्या (काटकोन तपासायचं अवजार) लावायचा, उजेडाकडं धरायचं. गुण्या आणि लोखंडाच्या मधून उजेडाची रेघ दिसली की परत घासायचं. बारीक माप घ्यायचा व्हर्नियर वाचायला लागतो, दशांश अपूर्णांक लागतात. ढ पोराचं काम नाही ते.

आयटीआय की पॉलिटेक्निक?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर लिहिते.

आयटीआयला वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत. प्रवेश ऑनलाइन, दहावीच्या गुणांवर. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट दोन वर्षांचे. वेल्डर, डिझेल मेकॅनिक, कोपा हे एका वर्षाचे. कोपा म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड, आडनाव नव्हे, हे मला दरवर्षी कुणाला तरी सांगावं लागतं. सरकारी आयटीआयची फी खासगीच्या मानानं अगदी किरकोळ. दिवसाचा मोठा भाग वर्कशॉपमध्ये जातो.

पॉलिटेक्निक म्हणजे तीन वर्षांची इंजिनीअरिंग पदविका. दहावीला ३५ टक्के पुरतात, पण सरकारी पॉलिटेक्निकला चांगली शाखा मिळायला बरेच जास्त लागतात. अभ्यास बहुतेक इंग्रजीतून आणि पहिल्या वर्षाचं गणित भल्याभल्यांना घाम फोडतं. पदविका झाली की इंजिनीअरिंगच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो.

आता दाराची गोष्ट. पुष्कळ पालकांना वाटतं आयटीआय केलं की शिक्षण संपलं. तसं नाही. दोन वर्षांचा ट्रेड झाला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, तिथून इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. वाट लांबची आहे, पण आहे. बारावी सायन्स झालेल्यांनाही पॉलिटेक्निकचं थेट दुसरं वर्ष मिळतं.

माझं मत विचाराल तर, घरात दोन वर्षांत पगार यायलाच हवा असेल तर आयटीआय. तीन वर्षं थांबायची ऐपत आहे आणि पोराला गणिताचं भय नाही, तर पॉलिटेक्निक. आणि शेजाऱ्याच्या पोरानं केलं म्हणून मेकॅनिकल, हे कारण दोन्हीकडं चालत नाही.

याशिवाय संभाजीनगरात केंद्र सरकारच्या दोन संस्था आहेत, ज्यांची नावं आपल्याकडच्या पोरांना फार उशिरा कळतात: इंडो-जर्मन टूल रूम आणि सिपेट. पहिलीत दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगची (हत्यारं आणि साचे बनवण्याची) पदविका, दुसरीत प्लास्टिक तंत्रज्ञानाची. त्यांचे अर्ज आणि तारखा पॉलिटेक्निकच्या फेऱ्यांपेक्षा वेगळ्या असतात. पॉलिटेक्निकचा निकाल बघू मग ठरवू म्हणत बसलात तर तिकडची तारीख निघून जाते.

आयटीआय केलं तर बारावी धरतात का?

आपोआप नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड करून बोर्डाचे भाषेचे पेपर दिले तर बारावीची समकक्षता मिळण्याची सोय आहे. आठवीवर आयटीआय केलेल्याला तशीच दहावीची. आयटीआयच्या ऑफिसात याची चौकशी पहिल्याच वर्षी करा. पोलीस भरतीला बारावी लागते आणि भरती निघाल्यावर धावाधाव करून भाषेचा पेपर देता येत नाही.

पोराला ८८ टक्के आहेत. लातूरला पाठवू का?

अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झालेत, त्यामुळं "ओळखीनं बघू" हा भाग आता राहिला नाही. लातूर पॅटर्ननं या भागातली कितीतरी लेकरं डॉक्टर-इंजिनीअर केली, हे खरंच आहे. पण पाठवण्याआधी त्याला एकटं बसवून विचारा की जीवशास्त्र आवडतं का, की तुम्हाला आवडतं म्हणून तो मान डोलावतोय. खोली, मेस आणि क्लासची फी मिळून घरचा एखादा तुकडा विकायची वेळ येते. दोन वर्षांनी नीटचा आकडा आला नाही की तेच पोरगं बी.एस्सी.च्या फॉर्मसाठी माझ्या खिडकीशी उभं राहतं, आणि बापापेक्षा जास्त खचलेलं असतं.

बारावी सायन्सनंतर औषधनिर्माणाचं डी.फार्म. दोन वर्षांचं आहे, नर्सिंगचं जीएनएम तीन वर्षांचं. बीसीए आणि बीबीएला २०२४-२५ पासून सीईटी लागते, हे अजून सगळ्यांपर्यंत पोचलेलं नाही. जूनमध्ये "बीसीएचा फॉर्म द्या" म्हणून येणाऱ्यांना मी सीईटी दिली का विचारते तेव्हा चेहरे बघवत नाहीत. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला ती सीईटी नाही, तो पर्याय लक्षात ठेवा.

बसस्टँडजवळच्या इन्स्टिट्यूटचा कोर्स चांगला आहे का? भारत सरकार मान्यताप्राप्त लिहिलंय.

गेल्या वर्षी एक पोरगा असंच सर्टिफिकेट घेऊन आला होता. लॅमिनेट केलेलं. चारही बाजूंनी सोनेरी वेलबुट्टी, वर राजमुद्रेसारखं दिसणारं पण राजमुद्रा नसलेलं चित्र, मधे ठळक अक्षरात "हार्डवेअर व नेटवर्किंग डिप्लोमा, श्रेणी अ". खाली बारीक अक्षरात "भारत सरकार नोंदणीकृत" आणि एक नंबर. नंबर नीट वाचला तर तो संस्था नोंदणीचा होता. आपल्या गावातल्या भजनी मंडळाचीही तशी नोंदणी होते. अठरा हजार रुपये भरले होते त्यानं, सोयाबीनच्या पट्टीतून.

नोंदणी वेगळी, मान्यता वेगळी. म्हणून फी भरायच्या आधी विचारा की परीक्षा कोण घेतं आणि प्रमाणपत्रावर सही कुणाची. उत्तर विद्यापीठ, तंत्रशिक्षण मंडळ, राज्याचं कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळ किंवा राष्ट्रीय व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण परिषद यांपैकी काही असेल, तर त्यांच्या यादीत त्या केंद्राचं नाव आहे का ते बघा. "आमची स्वतःची परीक्षा असते" म्हणाले की उठून या. आधी पास झालेल्या दोन पोरांचे फोन नंबर मागा. देत नसतील तर तेच उत्तर समजा.

नर्सिंगच्या बाबतीत तर डोळ्यांत तेल घालून बघा. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, आणि दोन्हीला नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. सहा महिन्यांत कुणी नर्स होत नाही. सहा महिन्यांत रुग्णाची काळजी घेणारी सहाय्यक होता येतं, ते कामही चांगलं आहे, पण त्याला नर्सिंग म्हणून विकणारे सगळ्या तालुक्यांत आहेत.

मुलीसाठी कोणता कोर्स बरा, मॅडम? शिवणकाम आहे का?

आहे. पण प्रश्नातच उत्तर ठरवून आलात, मामा.

शिवणकामाला मी नावं ठेवत नाही. ज्या बायांनी ब्लाउजची कटोरी अचूक बसवायला शिकून घेतली, त्यांच्या दारात लग्नसराईत रांग असते. पण इलेक्ट्रिशियनच्या वर्गात मुलगी बसू शकते, कोपाला बसू शकते, ड्राफ्ट्समनला बसू शकते. आयटीआयमध्ये मुलींसाठी राखीव जागा असतात आणि मशीनच्या ट्रेडमधल्या त्या भरायला मुली मिळत नाहीत. लातूरला मुलींचं सरकारी निवासी पॉलिटेक्निक आहे. राहण्याची सोय आत असल्यानं "एकटी कशी पाठवू" हा मुद्दा तिथं निम्मा संपतो.

पैशाचं म्हणाल तर २०२४-२५ पासून, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, प्रवेश घेतला असला पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला नाही. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट. त्यापुढं विद्यार्थ्यांच्या पासाला ६६.६७ टक्के सवलत. बस वेळेवर येते का, हा प्रश्न माझ्या हातातला नाही.

आम्ही दसऱ्यानंतर ऊस तोडायला जातो. लेकराची हजेरी कशी भरायची?

हा प्रश्न आमच्या जिल्ह्यात विचारावाच लागतो. कारखाने सुरू झाले की निम्मा तालुका रिकामा होतो आणि लोक परततात ते उन्हाळ्याच्या तोंडाला. प्रात्यक्षिकाच्या कोर्सला हजेरीची सवलत फारशी मिळत नाही. मिळालीच तरी उपयोग नाही, वेल्डिंगचा रॉड वहीत वाचून जुळत नाही. नवख्याचा रॉड पत्र्याला चिकटतोच, तो मनगट हलवून सोडवायची सवय पंधरा-वीस दिवस रोज हात चालल्याशिवाय लागत नाही.

म्हणून पोराला मागं ठेवायची सोय जूनमध्येच करा. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे, समाजकल्याणच्या ऑफिसात चौकशी करा. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांना स्वाधार, आदिवासी मुलांना स्वयम्, ओबीसी, व्हीजेएनटीच्या मुलांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, यातून खोली-जेवणाचे पैसे खात्यावर येतात. वेळेवर येत नाहीत, हे आधीच सांगते. पहिल्या चार-सहा महिन्यांच्या डब्याची तजवीज घरून ठेवा.

काहीच जमलं नाही तर सहा महिन्यांचं प्रमाणपत्र जून-जुलैला सुरू होतं का बघा. निदान अर्ध्याहून जास्त कोर्स तुम्ही गावात असताना होतो.

मधेच सोडावं लागलं तर सगळं पाण्यात?

आधी जायचं. नव्या शैक्षणिक धोरणात बी.ए., बी.कॉम.सारख्या पदव्यांना तसं नाही. आपल्याकडच्या संलग्न कॉलेजांत ते २०२४-२५ पासून पहिल्या वर्षाला लागू झालं. एक वर्ष पूर्ण करून बाहेर पडलात तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चौथं केलं तर ऑनर्स. बाहेर पडताना वरचे ४ क्रेडिट (क्रेडिट म्हणजे पुऱ्या केलेल्या अभ्यासाचं माप) कौशल्याच्या विषयाचे करावे लागतात, ते विसरू नका. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करायची. मिळवलेले क्रेडिट एबीसी (अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) खात्यावर जमा राहतात. ते खातं प्रवेशाच्या वेळीच उघडलं जातं, बारा आकडी नंबर असतो, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

मुलींची लग्नं दुसऱ्या वर्षात ठरतात तेव्हा मी हे त्यांच्या सासूबाईंनाही ऐकवते.

बी.ए. चालू आहे. सोबत दुसरं काही करता येतं का?

येतं. २०२२ पासून यूजीसीनं एका वेळी दोन अभ्यासक्रमांना परवानगी दिली आहे, फक्त तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत, किंवा एक दूरस्थ पद्धतीचा हवा. आमच्या कम्युनिटी कॉलेजात निम्मी पोरं अशीच आहेत. सकाळी बी.ए.चे तास, दुपारी टॅली आणि जीएसटीचा वर्ग. खरं सांगायचं तर नुसत्या बी.ए.वर काय करणार, हा प्रश्न त्यांना तिसऱ्या वर्षी पडतो. पहिल्याच वर्षी पडला तर दोन वर्षं हातात असतात.

एमएस-सीआयटी आणि टायपिंग करून ठेवू का?

क्लार्कच्या भरतीकडं डोळा असेल तर करा. मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांचा वेग मागतात. हे दोन्ही कोर्स भरतीची अट पुरी करायला आहेत, रोजगार म्हणून नाहीत.

वय ३४, दोन लेकरं. आता कुठं शिकणार?

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून तुमच्यासारख्यांसाठीच आहे. विभागीय केंद्रं संभाजीनगर आणि नांदेडला, अभ्यासकेंद्रं तालुक्यातालुक्यात. रविवारी संपर्क तास असतात. पहिल्या रविवारी लाजत येणाऱ्या बाया तिसऱ्या रविवारी डबे एकत्र करून जेवतात. आमच्या केंद्रावर एक सासू आणि सून एकाच वर्गात होत्या. नोट्स सुनेच्या चांगल्या, मार्क सासूला जास्त.

आणि हातात कला आधीच असेल, गवंडी, प्लंबर, वायरिंगवाला, तर अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची आरपीएल म्हणून सोय आहे. पंधरा वर्षं काम केलेल्यानं पहिलीपासून सुरू करायची गरज नाही.

शेतीशी जुळणारं काही?

आहे की. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ चं, त्यांच्या कक्षेत दहावीनंतरच्या कृषी पदविकेच्या शाळा आहेत. कृषी पदविका झालेल्याला खत-औषधांच्या दुकानात, बियाणे कंपन्यांत विचारतात, आणि जालना तर बियाण्यांचंच गाव. आमच्याकडं ठिबक जोडणी आणि सोलर पंप दुरुस्तीचा छोटा कोर्स चालवावा असं मी किती वर्षं म्हणतेय. दर दुसऱ्या शेतात सोलरच्या पाट्या लागल्यात आणि बिघडल्या की माणूस जिल्ह्याहून येतो. अजून मंजुरी नाही.

कोर्स झाला की नोकरी लागेल का? खरं सांगा.

हमी मी देत नाही, आणि जो देतो त्याच्याकडं जाऊ नका.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, बिडकीन या पट्ट्यात कारखाने आहेत, जालन्यात सळईचे, लातुरात डाळ आणि सोयाबीनचे. फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, मशिनिस्ट यांना तिथं काम मिळतं, पण पहिली पायरी बहुतेकदा अप्रेंटिसशिप असते. कायद्यानं तिचं विद्यावेतन ठरलेलं आहे. वर्षभरानंतर मिळणारं ते प्रमाणपत्र महावितरण, रेल्वे, एसटीच्या भरतीत मोलाचं ठरतं, म्हणून "फुकट राबवतात" म्हणून सोडून येऊ नका. कंत्राटदारामार्फत हेल्पर म्हणून लागणं वेगळं आणि अप्रेंटिस म्हणून लागणं वेगळं. करारपत्रावर कुठला शब्द आहे तो वाचा. हेल्परच्या दोन वर्षांचा पुढं कागद मिळत नाही.

राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ ला सुरू झाली. त्यात बारावीला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,००० आणि पदवीला १०,००० रुपये ठरवले. ते प्रशिक्षण आहे, कायम नोकरी नव्हे. ऑफिसात टेबल मिळालं म्हणजे ऑर्डर मिळाली असं समजून लग्न जमवलेला एक जण मला माहीत आहे.

इंग्रजी येत नाही.

आयटीआय आणि कम्युनिटी कॉलेजात मराठीतून शिकवतात, अवजारांची नावं इंग्रजीच असतात आणि ती महिन्याभरात तोंडात बसतात. पॉलिटेक्निकला पहिलं सत्र जड जातं. पुढं मागच्यावरून निघतं.

कोणती कागदं लागतात?

गुणपत्रिका, टीसी, आधार, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पॉलिटेक्निक वगैरेला जात पडताळणी, लागू असेल त्याला नॉन-क्रिमिलेअर (आरक्षणासाठी लागणारा, घर सधन गटात नसल्याचा दाखला). शिष्यवृत्तीचा अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर भरायचा आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यावरच येतात. तेव्हा बँकेत जाऊन "आधार लिंक आहे" एवढ्यावर समाधान मानू नका, डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट जमा व्हायला) कुठलं खातं जोडलंय ते विचारा. घरात तीन खाती असली की पैसे नेमके बंद पडलेल्या खात्यात जातात.

नॉन-क्रिमिलेअरवर मी जरा जास्त बोलते, त्याचं कारण आहे. तीन वर्षांपूर्वी पॉलिटेक्निकसाठी एका मुलीचा अर्ज मीच भरून दिला. सगळी कागदं होती, नॉन-क्रिमिलेअरही होतं. त्याची मुदत त्याच वर्षीच्या ३१ मार्चला संपलेली होती, हे माझ्या नजरेतून सुटलं. पडताळणीच्या टेबलावर ते नाकारलं आणि तिचं नाव ओपनच्या यादीत गेलं. जवळचं कॉलेज हुकलं. तिचे वडील मला काही बोलले नाहीत, म्हणाले, "ताई, तुम्ही तरी काय करणार." ते जास्त लागलं. तेव्हापासून मी दाखल्याची तारीख बोट ठेवून मोठ्यानं वाचते. तुम्हीही वाचा. आणि दाखल्यासाठी तहसीलला मे महिन्यातच अर्ज टाका. निकालानंतर सेतू केंद्रावर जी गर्दी होते तिच्यात पंधरा दिवस कसे जातात कळत नाही.

खिडकी किती वाजता उघडते?

साडेदहाला. जेवणाची सुट्टी दीड ते दोन. झेरॉक्सचं दुकान गेटच्या डाव्या हाताला आहे, पण मूळ कागदं घेऊनच या. शिकायचंय त्यानं स्वतः यावं. नुसते वडील आले की मी "पोराला काय आवडतं" विचारते, आणि बहुतेक वेळा ते फोन काढून त्यालाच विचारतात.